अण्णा, आपला पक्ष पूर्णगडातही हरला

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, पण पत्र लिहावं असं आजच वाटलं, कारण ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. आपला पक्ष हरला. इतकी वर्षं सत्तेत होता आणि पार धुव्वा उडाला! आपल्या गावातल्या बूथवरसुद्धा. मतमोजणीच्या टेबलाशी मीच बसले होते. आपल्या बूथच्या यंत्राचा आकडा वाचला, तेव्हा वाटलं, दुसऱ्या गावाचा असेल.

रत्नागिरीहून परतताना एसटीत कार्यकर्ते कारणं शोधत होते. कुणी म्हणे, मुंबईकर मतदानाला आले नाहीत. कुणी म्हणे, हवाच उलटी होती. मी खिडकीबाहेर बघत होते. मला कारण ठाऊक होतं, अण्णा.

तुम्ही पक्षाचे गावप्रमुख, पण कधी कुणाला ऑफिसात बोलावलं नाहीत. सकाळी बायका किनाऱ्यावर जवळा सुकत घालायला आल्या की लुंगी खोचून त्यांच्यात बसायचात, उन्हात सुकट वरखाली परतत गाऱ्हाणी ऐकायचात. घरी आलात की आई ओरडायची, "आधी न्हाणीत जा!" तुमच्या शर्टाला येणाऱ्या त्या वासाची मला शाळेत असताना किती लाज वाटायची!

तुमच्यामागे पद माझ्याकडे आलं. आणि त्याच वाळवणाच्या जागेवर आपल्या लोकांनी पर्यटकांसाठी बाग केली, सेल्फी पॉइंट केला. बायकांना कुणी विचारलं नाही. त्या माझ्याकडे आल्या होत्या, आमदारसाहेबांच्या कानावर घाल म्हणाल्या. मी घातलं का? नाही! वर पाठवायच्या अहवालात लिहिलं, 'गावात वातावरण उत्तम आहे.' उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तर कोपऱ्यात उरलेली सुकटही मीच उचलायला लावली. साहेबांना वास यायला नको म्हणून. तुमच्या मुलीने हे केलं, अण्णा.

निकालानंतर सखूकाकी भेटली. आता ती डांबरी रस्त्याच्या कडेला सुकट पसरते, गाडी आली की अर्धी धुळीत जाते. मी सरळच विचारलं, "काकी, तुम्हीसुद्धा?"

"रागावू नको गो पोरी," ती म्हणाली. "आमी पक्षाला कदी दिलंच नव्हतं. तुज्या बापाशीला देत होतो. तो आमच्यात बसायचा."

"आणि मी?"

"तू कुटं बसलीस?"



पण तुमच्यावरही राग आहे, बरं का. जेटीचा नारळ तीनदा फुटला, जेटी काही झाली नाही. तिन्ही वेळा लोक चिडले आणि तिन्ही वेळा तुम्हीच समजूत काढलीत, "होईल रे, आपलीच माणसं आहेत." लोक तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसले, आणि वरच्यांना वाटलं, पूर्णगड खूश आहे. एकदा तरी भांडायचं होतंत ना त्यांच्याशी! तुम्ही गाऱ्हाणी ऐकून पोटात ठेवलीत. मी तर ती ऐकलीसुद्धा नाहीत. असे कार्यकर्ते गावोगाव असतील, तर पक्षाला कळणार कसं?

आता बरेच जण जिंकलेल्यांकडे निघालेत. मलाही निरोप आला, 'या, उपरणं तयार आहे.' मी नाही जाणार. इथली घाण मी केली आहे, ती इथेच राहून काढेन.

परवा पराभवाच्या कारणांवर बैठक आहे. सखूकाकीला सोबत नेतेय. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "चल, तिकडं तरी बसू एकत्र." अहवाल खोटा होता आणि तो मी लिहिला होता, हे सगळ्यांसमोर मी सांगेन. मग ती बोलेल. पद गेलं तर गेलं. बायकांना त्यांची वाळवणाची जागा परत मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही, हा तुम्हाला शब्द देते.

आज सकाळी काकीच्या शेजारी बसून सुकट परतली. तुमच्याइतकी झटपट जमत नाही अजून. हाताला वास आहे, या कागदालाही लागला असेल. परवाही सकाळी तिथे बसूनच बैठकीला निघणार आहे, आणि साडी बदलणार नाही.

तुमचीच,
मंदा