नववी चांदणी

प्रिय लॉरीन,

शाळेत आपण एका बाकावर बसलो, एकाच डब्यातला मक्याचा पाव खाल्ला, म्हणून अजून ‘प्रिय’ लिहितोय. सवय जात नाही, दुसरं काय!

एप्रिलच्या बैठकीत स्ट्राउड कुटुंब मंडळाची अध्यक्ष म्हणून तू उभी राहिलीस आणि माझ्या आईसमोर म्हणालीस, “वेंडेल, मेलेल्या पोरीला नातवंडं कशी रे होतील?” चर्चचा अख्खा हॉल हसला. स्वतःच्या आजीची, केझायाची, हकिकत सांगायला आई नवा झगा शिवून आली होती. गाडीत म्हणाली, “म्हणजे मी भुताची नात का रे?” त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं.

ओबादाया स्ट्राउड या डोंगरात सगळ्यांत आधी आला, म्हणून त्याच्या दफनभूमीत त्याच्याच वंशाला जागा. नियम मान्य. त्याची लेक केझाया १८३९मध्ये दोन वर्षांची असताना तापाने गेली, तिचा दगड तिथे आहे, तेही मान्य. पण गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला ठेवायची तेव्हा रीत होती, हे तुमच्यापैकी एकालाही सुचू नये? दुसरी केझाया मागाहून झाली. लग्न होऊन टेक्सासला गेली, मातीही तिथलीच मिळाली, म्हणून इथे दगड नाही. तीच आईची आजी. ओबादायाच्या बायकोने, डोर्कसने, या मुलीला नाव दिलं खरं, पण त्या नावाने हाक मारायचा धीर तिला कधी झाला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा “ए धाकटे”च. हे आईने सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “म्हाताऱ्यांच्या गप्पा!”

बरं. मग डोर्कसचा दगड तरी नीट बघायचास. बाईच्या दगडावर तिच्या प्रत्येक लेकरामागे एक चांदणी कोरतात, हे तुला मी सांगायला नको. तुम्ही आठ मोजल्यात, आठ नावं लिहिलीत, झाला वंशवृक्ष! खालच्या कडेचं शेवाळ कोण काढणार? तुझ्या भावाने तारेचा ब्रश घासून वरची अक्षरं तेवढी पुसट केली. रविवारी मी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन दुपारभर गुडघे टेकून बसलो. नववी चांदणी निघाली. नावं आठच, कारण त्यातलं एक दोघींचं आहे. कॉलेजात गेलो नाही मी, पण नऊपर्यंत मोजता येतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. उशीवरच मान वळवून हसली. “म्हणजे भूत नाही ना मी? मग लॉरीनला कळव, माझी जागा डोर्कसच्या पायाशी.” मंगळवारी पहाटे ती गेली.

शनिवारी सकाळी तिला घेऊन येतोय. तुमचा ठरावबिराव मला नको. फाटकाची किल्ली तुझ्याकडे असते. स्वतः ये, स्वतः उघड, आणि आधी ती चांदणी बोटाने चाचपून बघ. कुलूप तसंच दिसलं, तर ते तोडायचं अवजार गाडीत ठेवलंय. पीच घातलेला तुझा तो केक मात्र करून आण. आईला आवडायचा.

तुझाच, आणि त्या दोघींतल्या धाकटीचा,
वेंडेल