पार्वताबाईचे भरलेले चौकोन

४ फेब्रुवारी १९६३, अमरावती

भाजीबाजारातली पार्वताबाई माळीण. रक्तदाब २१०/१२०. सर्पगंधेने सुस्ती येते म्हणून लघवीची नवी गोळी दिली, रोज सकाळी एक. तीन महिने झाले, रक्तदाब जागचा हललेला नाही. दोनदा मोजला, यंत्र तपासले. रोजच्या गोळीचा तक्ता मात्र निर्दोष: मी स्वहस्ते आखलेल्या प्रत्येक चौकोनात कोळशाची खूण, एकही रेषेबाहेर नाही. अकोल्याच्या डॉक्टरमंडळींना हाच तक्ता दाखवायचे ठरवले होते. दर्यापूरला हिच्या थोरल्या बहिणीचे अर्धे अंग गेले, वाचा गेली. हिचेही तेच होणार, आणि हिला त्याचे काही…

६ फेब्रु.

गोळ्यांची बाटली आणायला सांगितली होती. आणली. अर्ध्याहून अधिक भरलेली! रांगेतल्या सर्वांसमक्ष तिला खोटारडी म्हणालो. आवाज चढला; चढायलाच हवा होता. तिने मान वर केली नाही. बाटली टेबलावर ठेवली. "ठेवा मंग तुमची तुमच्यापाशी." गेली. कंपाउंडर बळवंतराव हसले, त्यांनाही झापले.

अकोल्याच्या भाषणाचा मसुदा पूर्ण. विषय: रक्तदाबाचे रुग्ण औषध का सोडतात. कारणे तीन: अज्ञान, आळस, असत्य. भाषा नेटकी उतरली आहे.

९ फेब्रु.

सकाळी दाढी करत होतो. मागच्या दारी पार्वताबाई भाजी मोजून देत होती. सौ. तिला समजावत होती. शब्द न् शब्द ऐकू आला.

"अगं, रोज घ्यावी ना गोळी."

"कशी घिऊ बाई? घेतली का दोन घंट्यात सुरू, घडीघडी. बजारात आमाले आडोसा कुठं हाये? मानसं भिंतीकडं तोंड करतेत, मोकये होतेत. आमी दिवस उगवाच्या आंधी जातो, मंग दिवस बुडाल्यावर. मधात पानी बी पीत नाई. ज्या दिवशी बजारात बसत नाई, त्या दिवशी घेतो ना मी!"

"मग यांना सांगायचं."

"तुमच्या डाक्टरले? लय शिकेल हाये तो, पन त्याले हे सांगू? लाज नाई का मले! त्यानं चौकोन देल्ले, म्या भरले. नाई भरले त वरडते."

दोघी हसल्या. माझा गाल कापला.

१० फेब्रु.

बाजारात सव्वा तास उभा राहिलो. पुरुषांसाठी दोन मुताऱ्या. बायकांसाठी एकही नाही. नगरपालिकेत बसतात ते सगळे पुरुष! आणि मी? वीस वर्षे याच रस्त्याने जातो.

कागदावर तास मांडले. पहाटे घेतली तर बाजारात अडचण. दुपारी घेतली तरी तेच. संध्याकाळी घेतली तर रात्री अंधारात एकटीने बाहेर. चोवीस तासांत त्या गोळीला जागा नाही. आणि मी चौकोन आखत होतो, पट्टी लावून.

१२ फेब्रु.

दवाखान्यामागे मोरी आहे, कुलपात, केवळ माझ्यासाठी. बाजारापासून तीस पावले. पार्वताबाईला सांगायला गेलो. इतके शिकून शब्द सापडेना. "मागे मोरी आहे. किल्ली खिळ्यावर ठेवतो," एवढेच म्हणालो. ती समजली. शेजारणींकडे बोट केले, "आन ह्या? मी एकटी येऊ, अन् ह्या पाहतीन?"

"सगळ्यांनी या," मी म्हणालो.

"आणि बाटली परत नेणार?" मग विचारले.

"पाहू."

बळवंतराव: "डाक्टरसायेब, दवाखाना हाये का धरमशाळा?" उत्तर दिले असते तर ते नोकरी सोडून गेले असते.

१६ फेब्रु., अकोला

मसुदा पेटीतच राहू दिला. तक्ता दाखवला. वा, वा झाले. मग बाटली दाखवली. कारण सांगितले. एक ज्येष्ठ उठून म्हणाले, "हा विषय वैद्यकाचा की नगरपालिकेचा?" सभा हसली. दहा दिवसांपूर्वी मीही हसलो असतो, हे आठवून अधिकच संताप आला. चहाला थांबलो नाही.

२० फेब्रु., अमरावती

खिळ्यावर किल्ली नाही. बळवंतराव करवादले, "सकायपासून जाग्यावर राहिली त शपथ!" मागच्या अंगणात बायकांचे हसणे. पार्वताबाईचेही ओळखू आले.

पण बाटली माझ्या टेबलावरच आहे. पार्वताबाई मोरीकडे मागूनच येते, मागूनच जाते. दवाखान्यात पाऊल ठेवत नाही. बोलावणे पाठवले. "काम हाये," असा निरोप आला.

'खोटारडी' हा शब्द मी रांगेसमोर उच्चारला होता. तेव्हा परतही चारचौघांतच घ्यावा लागेल. उद्या सकाळी, बाटली घेऊन, भाजीबाजारात. काय म्हणायचे ते लिहून पाहिले. चार वेळा खोडले. ती बाटली परत घेईल का