कल्याणी यानावर राहिली असती तर

प्रिय अक्षू,

परवा तुझी मुलाखत पाहिली. दादरला झालेली, 'लांबचा मुक्काम'चा तिसरा सीझन संपल्यानिमित्तची. पोपटी साडी तुला शोभत होती, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढे काही कडू लिहिलं गेलं तरी एवढं एक चांगलं कागदावर राहील. प्रेक्षकांतल्या एका मुलीने तुला विचारलं, "कल्याणी यान सोडून गेली नसती, तर मालिका कशी झाली असती?" तू केस कानामागे घेतलेस आणि म्हणालीस, "मेघना असती, तर आज या खुर्चीवर ती बसली असती." टाळ्या पडल्या. मी मोबाइल पालथा घातला आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की पोळ्या चामट झाल्या. अगं, तू जरा तरी फुशारकी मारली असतीस तर मला किती सोपं गेलं असतं. तुझ्या चांगुलपणाचा मला फार त्रास होतो.

आणि तुझं उत्तर चूक होतं. या प्रश्नाचा जेवढा विचार मी केला आहे तेवढा शंतनुनेही केला नसेल, आणि त्याने तर ती मालिका लिहिली. कल्याणी यानावर राहिली असती तर त्या खुर्चीवर ना मी बसले असते, ना तू. तिसरा सीझन निघालाच नसता.

बघ ना. दुसऱ्या सीझनमध्ये यानावरचं पाणी संपत येतं, कॅप्टन मरतो आणि डॉक्टर रेवतीवर, म्हणजे तुझ्यावर, सगळ्या यानाचा भार येतो. बुडालेल्या किनाऱ्यावरची ती सगळी माणसं पेट्यांमध्ये झोपलेली, आणि कुणाला उठवायचं, कुणाला नाही, हे तू एकटीने ठरवायचं. पण कल्याणी, म्हणजे मी, तर यानाची मेकॅनिक. ती असती तर बाह्या सरसावून पाण्याचं यंत्र खोलून बसली असती आणि दुसऱ्या एपिसोडपर्यंत पाणी सुरू झालं असतं. नसतं झालं, तर तिने तुझ्याशी भांडण काढलं असतं. सगळ्यांना उठवा, थोडं थोडं पाणी वाटून पिऊ, म्हणाली असती. आणि तू इंजिनाच्या खोलीत जाऊन एकटीच रडतेस, तो तुझा गाजलेला सीन, तो झालाच नसता. कारण ती खोली माझी होती. तू रडत आली असतीस तर तिथे मी असते, हातात पाना घेऊन. रेवती एकटी पडली म्हणून लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, अक्षू. तिचं एकटेपण तिला माझ्या जाण्याने मिळालं. मला त्याचं श्रेय हवंय असं नाही. म्हणजे, हवंयही.

शिवडीचं ते गोदाम आठवतं का गं? प्लायवूडच्या भिंती, त्यांवर चंदेरी रंग, एसीचे जुने पाइप छताला टांगलेले. बाहेर चिखलात फ्लेमिंगो आणि आत आपण दोघी भुर्जीपाव खात, अंतराळवीरांच्या कपड्यांत घामाघूम. तुला या कामासाठी मीच नेलं होतं. शंतनुला म्हटलं होतं, "माझी मैत्रीण आहे, कामगार नाट्यस्पर्धेत आम्ही दोघी एकत्र होतो, माझ्यापेक्षा चांगलं करते." ते मी तेव्हा खरंच मानत होते की बोलायची पद्धत म्हणून म्हणाले होते, हे आता सांगता येत नाही.

माझे आबा एकदा शूटिंग बघायला आले होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी शिवडीतच गोदामांवर वॉचमनचं काम केलं, तुला माहीत आहे. ते आले, सगळ्या भिंतींवर टकटक करून पाहिलं आणि शंतनुला म्हणाले, "एवढा पातळ प्लाय? वारो सुटलो तर तुमचां यान आधीच उडात." सगळे हसले. मग चहा घेताना त्यांनी लाइटवाल्यांना, मेकअपवाल्याला, तुलासुद्धा सांगितलं, "यान माझां चेडू चालवता." डिलाईल रोडच्या नाक्यावर, दूधवाल्याकडे, सलूनमध्ये, जिथे जातील तिथे हेच, यान आपली मुलगी चालवते. पहिला सीझन आला तेव्हा चाळीतल्या सगळ्यांना घरात बसवून दाखवला.

त्याच वर्षी ते हरवायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं. मग एकदा ते स्वतःच हरवले आणि शिवडीत त्यांच्या जुन्या गोदामाच्या गेटवर सापडले. ड्युटी बदलायला दुसरा वॉचमन कसा आला नाही, म्हणून तिथल्या पोरांवर चिडले होते. आई गेलेली, मी एकुलती एक. दुसऱ्या दिवशी मी शंतनुला सांगितलं की मला जमणार नाही. तो कल्याणीला स्फोटात मारणार होता. तू भांडलीस त्याच्याशी. "तिला मारू नकोस, कुठेतरी जिवंत ठेव," म्हणालीस. म्हणून कल्याणी त्या बर्फाच्या चंद्रावर दिवा पेटता ठेवायला मागे राहिली आणि यान पुढे गेलं. तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. नंतर मात्र तुझा रागच यायला लागला. मेलेल्या माणसाला कुणाचा हेवा वाटत नाही. मला तू चंद्रावर बसवून ठेवलंस, आणि तिथून तुझं यान दिसत राहतं.

तुझे सगळे एपिसोड मी पाहिले. लोकांच्या कमेंटही वाचते. कुणी लिहितं, "कल्याणी कोण?" ते वाचून दिवस वाईट जातो. कुणी लिहितं, "कल्याणीला परत आणा." ते वाचूनही दिवस वाईटच जातो. सकाळी शाळेत नाटकाचा तास घेते, तेवढा वेळ शेजारच्या गंगुबाई आबांजवळ बसतात. शाळेतली मुलं मला विचारतात, "टीचर, रेवती खरंच तुमची फ्रेंड आहे?" मी हो म्हणते आणि मुलं माझ्याकडे एकदम आदराने बघतात. माझी किंमत आता तुझ्या नावाने होते.

पण हे सगळं मी गिळलं होतं, खरंच. एक गोष्ट गिळता आली नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी यान नव्या ग्रहावर उतरतं आणि रेवती घरी निरोप पाठवते. घर बुडालं आहे, ऐकायला कुणी उरलेलं नाही, तरी पाठवते. "बाबा, मी पोचले." ते वाक्य माझं होतं, अक्षू. पहिल्या सीझनला मी रोज सेटवर पोचल्यावर आबांना फोन करायचे, कारण "पोचलंय" असं ऐकल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. शंतनुने ते ऐकलं आणि म्हणाला, मालिकेचा शेवट मला सापडला, कल्याणी हेच बोलणार. यानावर राहिले असते तर ते मी बोलले असते. तू छान बोललीस. माझ्यापेक्षा हळू बोललीस, आणि तेच बरोबर होतं. त्या वेळी आबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टीव्हीकडे हात केला आणि म्हणाले, "बरां झालां गो बाय. पोचलंस."

हे मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आबांच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, एक गोष्ट तेवढी राहिली, की त्यांची मुलगी यानात आहे. यानात कोण दिसतं? तू. मी घरात त्यांना अंघोळ घालते, नखं कापते, रात्री चादर बदलते, आणि संध्याकाळी टीव्हीवर त्यांची मुलगी येते. तुझे तेच ते एपिसोड मी पुन्हा पुन्हा लावते. ते त्याआधी केस विंचरून मागतात, शर्ट बदलून मागतात. तू दिसलीस की हसतात. ते हसू मला ओळखीचं आहे, मी शाळेतून यायचे तेव्हाचं. "बारीक झालां माझां चेडू," मला सांगतात. मी म्हणते, हो, झालीय बारीक. एकदा मी हट्टाने पहिला सीझन लावला, माझा. त्यांनी मला पाहिलं, मग शेजारी बसलेल्या मलाही पाहिलं, आणि विचारलं, "मेघू खंय गेलां?" मी बंद केला आणि तुझा लावला.

मला ते कामाची बाई समजतात. वाईट वागत नाहीत, उलट जपतात. गेल्या महिन्यात मी त्यांना भरवत होते, तर माझा हात धरून म्हणाले, "तुझो बापूस आसा मा गो?" मी म्हटलं, आहे. म्हणाले, "मगे तू हय काय करतंस? जा घराक. तो तुझी वाट बघीत आसतलो." मी भांडी घेऊन मोरीकडे गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले. त्या दिवशी मला तुझा जेवढा मत्सर वाटला, तेवढा तुझ्या बक्षिसांचा, मुलाखतींचा, पोस्टरचा कधीच वाटला नव्हता. तुझ्याकडे जे माझं आहे ते तुला माहीतसुद्धा नाही.

आता हे पत्र का, ते लिहिते. फोन केला असता तर तू लगेच हो म्हणाली असतीस आणि मी मध्येच ठेवून दिला असता. परवा, तुझी मुलाखत बघितली त्याच दिवसापासून, आबांनी जेवण सोडलं आहे. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, दवाखान्यात नेऊन हाल करू नका, मनासारखं होऊ द्या. आबांच्या मनासारखं एकच आहे, मेघूने यावं. "मेघू येयसर मी जेवचंय नाय," एवढंच म्हणतात आणि तोंड भिंतीकडे करतात. तू ये. गाडी पुलाखाली सोड, गल्लीत शिरणार नाही. मेकअप करू नकोस, त्याशिवायही ते तुला ओळखतील. दार मी उघडेन, पण मला नावाने हाक मारू नकोस. ते मेघू म्हणतील तेव्हा ओ दे. पेज मी करून ठेवलेली असेल, मिठातलं थोडं लोणचं बाजूला. लहान घास दे, मध्ये थांब, त्यांना गिळायला वेळ लागतो. तू कधी इलंस म्हणून विचारतील. आत्ताच पोचले, म्हण. मी स्वयंपाकघरात असेन. तिथे माझ्या मागे येऊ नकोस आणि माझी समजूत काढू नकोस, मला ते सहन होणार नाही. फक्त ते जेवले की वाटी आत आणून दे. रिकामी दिसली की मला कळेल.

लवकर ये.

तुझीच,
मेघना