सुमतीची काच

११ नोव्हेंबर १९७५, मंगळवार. अनसिंग
थंडी सुरू झाली आणि कुसुमचं दुखणं परत आलं. आधी गुडघे, मग पाठ. अकरा वर्षांची पोर, आता रडतही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. शांता वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकते आहे. मघाशी कुसुम म्हणाली, "बाबा, तुमी तं दवाखान्यातच असता. मंग दवा काहून नाई आणत?" असतो खरा दवाखान्यात. पण लॅबवाला. लोकांचं रक्त काचेवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, रजिस्टरात लिहायचं. दुखण्याची गोळी दिली. दुसरं काय देणार?

१३ नोव्हें., गुरुवार
नागपूरहून मोठे डॉक्टर आले होते. आमच्या बौद्धवाड्यात घरोघर रक्त घेतलं, मी मागे डबा धरून. जेवायला घरी आणलं. कुसुमला तपासलं, बराच वेळ तिचा हात हातात धरून बसले.
मी विचारलं, याला औषध का नाही? म्हणाले, दोष रक्तातल्या एका प्रथिनात आहे, हिमोग्लोबिनमध्ये. एवढ्या लांब साखळीत एकच कडी चुकलेली. प्राणवायू कमी झाला की ही प्रथिनं एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. तर औषध लावायचं ते त्या प्रथिनालाच, दोऱ्या होऊच द्यायच्या नाहीत. परदेशात एक लावून पाहिलं. पेशी गोल राहायच्या, पण रोग्यांचे पाय बधिर व्हायला लागले. बंद केलं.
"जागा सापडली आहे हो, औषध सापडलं नाही," म्हणाले.
शांता भाकरी वाढता वाढता थांबली. "म्हंजे हाये का नाई?"
"अजून नाही, ताई."
बरा माणूस. खोटं बोलला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
डॉ. सकाळी गेले. जाताना पावडरीची नवी बाटली दिली. हिचं पाणी करून थेंबभर रक्तात घालायचं, काच मेणानं बंद करायची, तासाभरानं पाहायचं. दोष असेल तर विळे दिसतात.
"पाणी रोज ताजं करता ना?"
"हो."
"करत जा. शिळं झालं की काम करत नाही, सगळ्यांचंच गोल दिसतं."
मी हो म्हणालो. पावडर संपत आली होती, वरून येत नव्हती, म्हणून महिनाभर मी तीन-तीन दिवस एकच पाणी पुरवत होतो. काटकसर! घरात मीठ पुरवतात तशी.

१७ नोव्हें., सोम.
दोन दिवस टाळलं. आज स्वतःच्या बोटाला सुई टोचली. माझ्यात अर्धा दोष आहे, शांतामध्येही, म्हणून तर कुसुम अशी. दोन काचा केल्या. एकीवर नवं पाणी, दुसरीवर आधीचं उरलेलं जुनं. तासाभरानं नव्यावर विळेच विळे. जुन्यावर सगळे गोल, गुटगुटीत.
रजिस्टर काढलं. सुमतीची काच जुन्या पाण्यावरची. तिसरा दिवस.
सुमती म्हणजे रिठदच्या वत्सलाची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वीस वर्षांची. आमच्या मुलाला, प्रकाशला दिली आहे, मागच्या महिन्यात साखरपुडा झाला. आमच्यात आत्याची मुलगी सून करतात, पोरगी घरातच राहते म्हणून. प्रकाशमध्येही माझ्यासारखाच अर्धा दोष. त्याला स्वतःला काही होत नाही. पण दोघांत असला तर पोटी कुसुम येऊ शकते. म्हणून तर मी "अशक्तपणा पाहतो" असं सांगून सुमतीचं रक्त घेतलं होतं. गोल दिसलं, हो म्हणालो. प्रकाशचं रिठदला सांगितलंच नाही. त्यालाही नाही. ते फक्त मला आणि शांताला ठाऊक.

१८ नोव्हें.
शांताला सांगितलं. "साखरपुडा झाला, आता कायले उकरता?"
"कुसुमकडे पाहून बोल."
ती उठून चुलीकडे गेली. थकलो आहे. मुकाट राहिलो तर कोणाला कळणार आहे? हाही विचार आला, लिहून ठेवतो.

२३ नोव्हें., रवि.
रिठदला जाऊन आलो. वत्सलाला म्हणालो, माझ्याकडून चुकलं, परत पाहावं लागेल. ती भडकली. "दादा, पोरीचं रगत किती वेळा काढतं? लोक काय म्हनतीन, पोरीत खोट हाये म्हून?" चहा तसाच राहिला.
सुमती मोटारीपर्यंत सोडायला आली. कापूस वेचून बोटं चिरलेली. फाट्यावर म्हणाली, "मामा, माहंच दोनदा. प्रकाशचं एकदा तरी पाह्यलं का?"
सांगितलं सगळं.
"मंग कवाचं ठाऊक होतं तुमाले!" आणि थोड्या वेळानं, "बुधवारी येते मी. आईले मी समजावते. काय निघन ते मले सांगजा, पयले मले."

२६ नोव्हें., बुध.
आली. एकटी. ताजं पाणी केलं, काच बंद केली. तासभर ती घरी कुसुमचे पाय चोळत बसली. कुसुम हसली, कितीतरी दिवसांनी.
मग दवाखान्यात आली. आधी मी पाहिलं. मग तिला म्हणालो, पाहा.
बराच वेळ डोळा लावून होती. "हे वाकडे?"
"तेच."
रडली नाही. स्टुलावर बसली. कुसुमच्या दुखण्याचं विचारलं, किती दिवस टिकतं, वर्षातून किती वेळा. मग म्हणाली, "मामी सांगत होती, थे नागपूरचे डॉक्टर म्हनले, जागा सापडली. दवा यायले किती वर्सं लागतीन, मामा?"
"दहा," मी म्हणालो.
तिनं मनात बेरीज केली. "तवा मी तीसची राहीन. तवरोक पोरबाळ नाई झालं तरी चालते. प्रकाशले मीच सांगते." पदर सारखा केला आणि मोटारीला गेली. चालही हलकी वाटली.
दहा कुठून आणले मी? डॉक्टरांनी आकडा सांगितलाच नव्हता. मोटार सुटायला अजून पाव तास होता. फाटा दवाखान्यापासून दोन मिनिटांवर. मी काचा धूत बसलो.