शेवटच्या दारातली बाई

१४ जून, सकाळ

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

लिहायचं कारण एकच. येत्या रविवारी आमचे चिरंजीव मागच्या खोलीतला कॉम्प्युटर पुसून कोणाला तरी देणार आहेत, आणि तुझा अर्धवट खेळ त्यातच आहे. "तिला हवा असता तर नेला असता," म्हणाला. मी म्हटलं, "तू गप्प बस."

सूनबाई म्हणावं की नाही, ते तुमचे वकील ठरवतील. मला या वयात नवीन संबोधन शोधायला वेळ नाही.

इथे सगळं ठीक. गुडघा तसाच आहे.

तुझ्या फायली उघडेनात. ज्या प्रोग्रॅमात केल्या होत्यास त्याची मुदत संपली. म्हणून फुकटचे तीन शोधले आणि नीट तपासले. पहिला ब्राउझरमध्येच चालतो. ठिपके रंगवायला लगेच जमतो, पण काम तिथेच ठेवतो. मी सवयीने ब्राउझरची साफसफाई केली आणि दिवसभराचं चित्र गेलं. दुसरा दिसायला रुक्ष, पण थर वेगळे ठेवतो आणि मागच्या चित्राची फिकट सावली दाखवतो, त्यामुळे पात्र चालवताना पाय चुकत नाहीत. चित्रांसाठी तोच घे.

तिसरा लेव्हल मांडायचा. फरशी बसवतात तशा चौकटी बसवायच्या. तुझ्या लेव्हल त्यातच उघडल्या. गोम एकच: भिंत नुसती रंगवून भागत नाही, ती अडवते असं वेगळं सांगावं लागतं. मी विसरले, तर तुझी नायिका भिंतीतून थेट स्वयंपाकघरात.

हे सगळं कशाला, असं विचारशील. दुपारी घर फार शांत असतं आणि मला बसवत नाही. कपाटं पुन्हा पुन्हा आवरून झाली.

शेवटची लेव्हल उघडली. दारात एक बाई उभी आहे. सोळा बाय सोळा ठिपक्यांत अंबाडा, चष्मा आणि कमरेवर हात. ओळखायला वेळ लागला नाही. चष्मा वाकडा आहे, तोही बरोबर. तिला ओलांडून कोणी आत जाऊ शकत नाही. तू वाटच ठेवली नाहीस. तेव्हापासून मी घरात येरझारा घालते आहे. रागावले नाही. चित्र चांगलं आहे.

एक बदल केला. तिला एक चौकट डावीकडे सरकवलं. दार आता मोकळं आहे. पटलं नाही तर परत उभी कर.

खेळ पेन ड्राइव्हवर घेतला आहे, तुझं चित्र काढायचं पेनही इथेच राहिलंय. कुरिअर करणार नाही. रविवारच्या आत स्वतः ये आणि सही करून घेऊन जा. दुपारी मी घरीच असते. सकाळ-संध्याकाळसुद्धा.

तुझी,
अजून तरी सासू

पोच, शनिवार दुपार:
पेन ड्राइव्ह एक, चित्र काढायचं पेन एक. दोन्ही आईंकडून समक्ष मिळाले. खेळ तिथेच बसून लावून पाहिला. बाईंना सरकवलेल्या जागीच ठेवलं आहे. चष्मा मात्र आईंनी सरळ करू दिला नाही.
— सूनबाई