कोहळं चूक, भोपळा बरोबर

रिसोड, मंगळवार

प्रिय दर्शनी,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटसुलट करशील. फाडू नकोस, आधी वाच. फोन केला नाही, कारण अलीकडे फोनवर मी मध्येच थांबते आणि समोरच्याला वाटतं लाइन कटली. कागदावर बरं असतं. शब्द अडला की पेन ठेवायचं, चहा टाकायचा, तोवर कधी कधी येतो. हे पत्र मी रविवारपासून लिहिते आहे.

इकडचं सांगायचं तर पवनला मुलगी झाली. बंगळुरातच असतात ते. सुनेचं माहेर पुण्याचं, बाळाशी सगळे शुद्ध बोलतात. माणिकरावांना जाऊन येत्या पौषात चार वर्षं होतील. त्या दिवशी तू आली होतीस, दाराजवळ चपला न काढता उभी होतीस, हे मी पाहिलं होतं. पाहूनच मान फिरवली होती. मरण कोणावर रागवायचं ते सांगत नाही गं, आणि तू समोर होतीस. नंतर वाटलं, बोलवावं. पण एकदा उशीर झाला की तो वाढतच जातो.

आता मुद्द्याचं. श्रावणातली गोष्ट. केनवडची सोनीबाई अजून भाजीची पाटी घेऊन येते, आता तिच्या गुडघ्यांनी जीव घेतलाय तरी येते. मी ओट्यावर भाजीसाठी गंज ठेवून बाहेर आले, मला वांगी घ्यायची होती. वांगी समोर दिसत होती, जांभळी, काटेरी देठांची. आणि त्यांना काय म्हणतात ते मला येईना. मी बोट दाखवलं. सोनीबाई हसली, म्हणाली, "बाई, मुक्यावानी काहून करून राह्यल्या? मास्तरीण ना तुमी?" मीही हसले. घरात येऊन दार लावलं आणि भिंतीला टेकून, आठवतील तेवढ्या भाज्यांची नावं मोठ्याने म्हणत राहिले. सगळी आली. ते एकच आलं नाही. संध्याकाळी भाजी फोडणीला टाकताना आपोआप तोंडातून निघालं.

पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. वाशिमच्या वाचनालयात मला गोष्ट वाचायला बोलावलं होतं. चाळीसेक माणसं असतील. अर्ध्यावर एक शब्द डोळ्यांना दिसत होता आणि तोंडात येत नव्हता. मी चष्मा पुसला, पाणी प्यायले, पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद वाचला. कोणाला कळलं नाही. गोष्टीत भोक पडलं आणि कोणाला कळलं नाही, याचंच मला जास्त भेव वाटलं. भावाच्या मुकेशला सांगितलं तर तो म्हणाला, आत्या, वयाचं आहे. मग एकदा त्याच्याशी बोलताना मी त्याचंच नाव विसरले, तेव्हा तो मला अकोल्याला घेऊन गेला. तिथून नागपूर. डोक्याच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आहे.

नागपूरचे डॉक्टर चांगले आहेत, खुर्ची ओढून समोर बसून बोलतात. ते म्हणाले, गाठ काढावी लागेल, पण तुमचं बोलणं जिथून येतं त्या जागेला ती लागून आहे. मी विचारलं, ती जागा कुठे असते? ते म्हणाले, "प्रत्येकाची थोडी वेगळी असते, बाई. पुस्तकात एक असते, माणसात दुसरीच निघते. म्हणून तुम्हाला जागं ठेवून शोधायची." म्हणजे कवटी उघडलेली, मी जागी, आणि कोणी चित्रं दाखवणार, मी नावं सांगणार. जिथे हात लावला की नाव अडेल, ती जागा सोडून बाकीचं कापणार. रात्रभर झोपले नाही वगैरे लिहीत नाही, तू समजून घे.

त्याची आधी तयारी करून घेतात. राधिका नावाची एक पोरगी आहे तिथे, साताऱ्याची, फार गोड. तिने चाळीस चित्रं दाखवली. मी घाबरून भराभर सांगत गेले. शेवटी ती म्हणाली, एकोणतीस बरोबर. पवन शेजारी होता, त्याने माझा खांदा धरला. मी कागद मागितला. भोपळ्याच्या चित्राला मी कोहळं म्हटलं होतं, चूक. कोथिंबिरीला सांबार म्हटलं, चूक. पातेल्याला गंज, उलथण्याला सराटा, सगळ्यांपुढे फुली. तिचा दोष नाही, तिच्या गावी सांबार वाटीत येतं. पण दर्शनी, अकरा फुल्यांपैकी सात अशा निघाल्या. उरलेल्या चारांतल्या दोन खऱ्या चुका. आणि बाकीच्या दोन मी वाचल्या तेव्हा मला सांगता येईना, की हा आमच्याकडचा शब्द आहे की माझ्या डोक्यातली गाठ बोलली. मी पवनकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई, मला नाही माहीत. तू घरी असं कुठे बोलायचीस?"

खरंच आहे. मीच बोलू दिलं नाही. एकतीस वर्षं पोरांच्या वहीतलं मले खोडून मला केलं, घरी त्याचंही केलं. माणिकराव त्याच्याशी वऱ्हाडी बोलले तर मी डोळे वटारायची. आणि रिटायर झाल्यावर तीच बोली घेऊन गोष्टी लिहायला बसले. तू माझं पुस्तक सुधारलंस म्हणून तुझ्यावर एवढी भडकले, तेव्हा हे मी तुला सांगायला हवं होतं.

तरी हौसाबाईचं सांगते. किन्हीराजाची माझी आत्या. दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती आणि ती खाटेवरून म्हणाली होती, "मले माह्यासारखं मरू द्या." मी तिथे होते, ऐकलं होतं. तू ते पुस्तकात 'मला माझ्या पद्धतीने मरू द्या' केलंस. तू म्हणालीस पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायला हवं. मी म्हणाले, हे आत्या बोलत नाही, फॉर्मवर सही करणारी कोणीतरी बाई बोलते. मग मी नाही नाही ते बोलले. तुला भाषेची कसाईण म्हटलं. तो शब्द मात्र मी विसरायला हवा होता, नेमका तोच राहिला.

हे पत्र माफीसाठी लिहिलेलं नाही, माफी भेटून मागेन. ऑपरेशन येत्या एकोणीस तारखेला, गुरुवारी आहे. राधिका म्हणते, चित्रांची यादी तुमच्या शब्दांची करू या, पण तुमचे शब्द माहीत असलेलं माणूस आणा. तसं माणूस आता एकच उरलं आहे. तू माझी दोनशे पानं ओळ न् ओळ वाचून खोडली आहेस. तू सतराला नागपूरला ये आणि दोन दिवस तिच्याजवळ बस. आणि नंतरही थांब. शुद्धीवर आल्यावर मी काही बोलले तर पवन रडेल, आई बोलली म्हणून. डॉक्टर मोजतील आणि बरोबरची खूण करतील. पण जी बोलली ती नीलिमाच का, हे त्यांच्यातल्या कोणाला कळणार नाही. ते तू मला खरं खरं सांग, वाईट असलं तरी. मुकेश तुला वाशिमहून गाडीत घेईल, त्याचा नंबर मागे लिहिला आहे. मले लय भेव लागून राह्यलं, दर्शने. ये.

अजून तरी तुझीच,
नीलिमा