कडाप्प्यावरचा सर्व्हर

सोमवार, ३ फेब्रुवारी. दु. ३.१०
सर्व्हर सकाळपासून पुन्हा बंद. आठ दिवसांत चौथ्यांदा.
हे खूळ सुनेनं, प्रियदर्शनीनं, दिवाळीत घरात आणलं. दोन डब्यांएवढी काळी पेटी. धायरीतल्या बत्तीस वर्कशॉपवाल्यांचे ईमेल म्हणे हिच्यातून येतात-जातात. खराडीची नोकरी आहेच, वर हे. पेटीसाठी टेबल घ्यायचं म्हणत होती. मी म्हटलं, कोठीत कडाप्प्याची भक्कम फळी आहे. खाली माझी दळणाची घरघंटी, वर तुझी पेटी. टेबल कशाला? घरघंटी चालताना सरकते म्हणून गेल्या आठवड्यात मी ती कडाप्प्याला घट्ट टेकवून ठेवली आहे. टेबल नको हे सगळ्यांना पटलं. घरात अजून माझं ऐकतात.
रोग असा की मशीनला डिस्कवर लिहिता येत नाही. आलेला मेल उतरवूनच घेत नाही, आल्या पावली परत पाठवतं. मी मॅट्रिक. एकवीस वर्षं रोज वही लिहिते. मला एकदाही एरर आलेला नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
हे रोज सकाळी पेटी पुसतात. मऊ फडक्यानं. एकतीस वर्षांत ह्यांचा हात देवघराला लागला नाही.
मला मत्सर नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला मत्सर शोभत नाही. नुसती नोंद केली.
संकल्प: आजपासून सर्व्हरचा विषय तोंडातून काढायचा नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
शेजारच्या शालूताई म्हणाल्या, तुमची सून घरातून कंपनी चालवते हो! मी म्हटलं, चालवते कुठे, बंदच असते.
संकल्प मोडला. पण विषय शालूताईंनी काढला होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. रा. ८.३०
केबल बदलली. माझ्या लेकानं, योगेशनं, टॉर्च धरला. मी माळ्यावरून पापडाचे डबे काढते तेव्हा धरत नाही.
जेवताना नवरा-बायको एररच्या वेळा वाचत होते. ११.१२, ११.३५, ११.४०. ही म्हणे, संध्याकाळी मी घरी आले की मशीन शहाण्यासारखं वागतं. म्हणजे दिवसा घरात जी असते तिच्यात खोट. न समजण्याइतकी मी खुळी नाही.
योगेशनं विचारलंच, अकरा ते बारा तू काय करतेस? मी म्हटलं, नामस्मरण. खोटं नाही. ही घरून काम करते त्या दिवशी कॉल असतात, आवाज चालत नाही. म्हणून मी दळण मुद्दाम ती नसताना, अकराला लावते आणि घरघंटीशेजारी पाटावर बसून जप करते. सुनेचा इतका विचार कुठली सासू करते?

शनिवार, ८ फेब्रुवारी
एकादशी. दळण नाही, भगर. मशीन दिवसभर उत्तम. एकादशीचं पुण्य आहे, पण ह्या घरात सांगायचं कुणाला.

सोमवार, १० फेब्रुवारी
११.२० ला बंद.
संध्याकाळी धोंडिबाशेठ आले. वर्कशॉपवाल्यांचे पुढारी. चहा घेतला, पण बशीतली चकली घेतली नाही, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, पोरी, अजून एकदा मेल अडकला तर आम्ही दुसरीकडे जाऊ.
ते गेल्यावर प्रियदर्शनी ह्यांना म्हणाली, नवी डिस्क मागवली आहे. तिच्यानंही भागलं नाही तर खराडीला फ्लॅट घेऊ भाड्यानं. पेटी ऑफिसजवळ राहील, आम्हीही. योगेश मान हलवत होता. लग्नाआधी असाच माझ्यापुढे हलवायचा.
जा म्हणावं. मला काय. दोघांपुरता स्वयंपाक मला अजून जमत नाही, शिकेन.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नवी डिस्क बसली. संगणकाची विद्या संपते तिथून माझी सुरू होते.
संकल्प: उद्यापासून सात दिवस पोथीचं पारायण, मशीनसाठी. माहेरच्या पद्धतीनं सात दिवस दळण-कांडण बंद. डब्यात पीठ आहे. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की पुण्य फुटतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी
तीन दिवस एकही एरर नाही.
योगेश म्हणतो, नवी डिस्क भारी आहे. ह्यांनी सुनेसाठी आंबा बर्फी आणली. मी पहाटे चारला गार पाण्यानं आंघोळ करून वाचायला बसते, त्याची बर्फी कुणी आणायची?
शालूताईंना सांगितलं, दळण बंद आहे तेही. फक्त शालूताईंना.

रविवार, १६ फेब्रुवारी
अख्ख्या बिल्डिंगला कळलं आहे. लोकांना कुठून कळतं कोण जाणे.

बुधवार, १९ फेब्रुवारी
समाप्ती. सात दिवस, शून्य एरर.
उद्या उद्यापन. पुरणपोळी. धोंडिबाशेठना मीच फोन करून जेवायला बोलावलं. डिस्क की पोथी, होऊन जाऊ दे चारचौघांत. मत्सर नाही, पण नोंद बरोबर हवी.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दु. ४.००
लिहायची इच्छा नाही. लिहिते.
सुनेनं रजा घेतली होती. धोंडिबाशेठ दहालाच आले. त्यांचं टेंडर अकराच्या आत मेलनं जायचं होतं, म्हणाले इथूनच पाठवू. पीठ संपलेलं, आणि नैवेद्याला ताजीच कणीक हवी. सुनेचे आज कॉल नाहीत हे बघून साडेदहाला तीन किलो गहू लावले आणि जपाला बसले.
पाचव्या मिनिटाला बाहेर गलका. मेल अडकला.
प्रियदर्शनी कोठीत आली. आधी पेटीकडे बघितलं, मग खाली घरघंटीकडे, मग माझ्याकडे. कडाप्प्यावर तळवा ठेवला. तसाच ठेवून उभी राहिली. न राहवून मीही ठेवला. अख्खी फळी हीव भरल्यासारखी थरथरत होती. तिनं वाकून घरघंटीचं बटण बंद केलं. फळी थांबली. हलत्या पाटावर मलाही वही लिहिता येत नाही.
तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. दहा बावन्नला टेंडर गेलं.
आता ही बाहेर जाऊन सांगणार, हे मनाशी धरूनच मी पोळ्या लाटल्या. कणीक अर्धी शालूताईंकडून आणली. पंगतीत धोंडिबाशेठनी विचारलं, काय झालं होतं गं? मी मान खाली घालून तूप वाढत राहिले.
ती म्हणाली, "सापडलं काका, आता होणार नाही. आणि एक सांगते, गेले सात दिवस मशीन चाललं ते आईंच्या पारायणामुळेच. अगदी शंभर टक्के."
धोंडिबाशेठनी मला हात जोडले. शालूताईंनी जोडले. ह्यांनीसुद्धा जोडले, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
तिच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हे तिला माहीत आणि मला माहीत.
मला हवं होतं ते सगळं मिळालं. तिच्या हातून मिळालं. मोठेपणा दाखवायचा तेवढा माझ्याकडे उरला होता, तोही तिनंच दाखवून टाकला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
योगेशनं घरघंटी गॅलरीत नेली. का, ते त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलंही नसावं. खराडीचा विषय निघाला नाही. रात्री चौघांची कणीक भिजवली.
दुपारी शालूताई आल्या होत्या. त्यांच्या फ्रिजमध्ये बर्फ धरत नाही. तीन दिवसांचं एखादं छोटं पारायण कराल का, म्हणाल्या.
मी म्हटलं, सुनेला विचारून सांगते.